हॉकी स्टिकवरचं ग्राफिक पुन्हा पुन्हा निघतंय? आधी पापुद्र्याची पाठ बघा

पावसाळा लागला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते: स्टिक नवी, अजून धड महिना झाला नाही, आणि नाव निघालं. कुणाचं क्लबचं चिन्ह कडेने उचललेलं असतं, कुणाच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, बारीक फोड आलेले असतात, कुणाचा रंगच सालीसारखा सोलून आतला काळा कार्बन उघडा पडलेला असतो. माझ्याकडे येईपर्यंत घरी फेव्हिक्विक किंवा नेलपॉलिश लावून झालेलं असतं. ते आठवडाभर टिकतं आणि पुढचं काम दुप्पट करून ठेवतं.

पुणे-पिंपरीकडच्या शाळांच्या आणि क्लबांच्या स्टिकांवर नावं, नंबर, चिन्हं चढवून देणं आणि जुन्या स्टिका नव्याने रंगवणं हे माझं काम. इथे लिहितोय ते फक्त मैदानी हॉकीच्या काँपोझिट, म्हणजे कार्बन-काचेचं कापड रेझिनमध्ये बसवून केलेल्या, स्टिकबद्दल. बर्फावरच्या हॉकीची स्टिक वेगळ्या घडणीची, तिला बसणारे मारही वेगळे. लाकडी स्टिकचाही इथे संबंध नाही. तुतीचं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि रंगाला सोबत घेऊन जातं. काँपोझिट तसं फुगत नाही. तिच्यावरचं ग्राफिक सुटलं तर दोष बहुतेक वेळा रंगाच्या दोन थरांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि कुठे ते शोधता येतं.

झिजलंय की सुटलंय?

झीज आणि सुटणं या दोन गोष्टी लोक एकत्र करतात. हेड म्हणजे स्टिकचा खालचा वळलेला भाग, टो म्हणजे त्याचं मोकळं टोक, हील म्हणजे वळणाची बाहेरची बाजू. टोचं टोक, हेडची खालची कड, हीलची गोलाई इथलं ग्राफिक जाणारच. वाळू भरलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळणाऱ्यांचं तर फार लवकर जातं, कारण ती वाळू म्हणजे सरळसरळ पॉलिश पेपरच. स्टिक आडवी टाकून टॅकल करणाऱ्याची एक कड अख्खी घासलेली असते. ड्रॅग-फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावायचा फटका, मारणाऱ्या मुलांच्या स्टिकवर हेडच्या वर, शाफ्टच्या सपाट बाजूला साधारण वीतभर पट्टा पुसट होतो. चेंडू तिथूनच घरंगळत खाली येतो. हे पट्टे बघून खेळाडू कुठल्या जागी खेळतो ते मला बऱ्याचदा न विचारता कळतं.

झिजलेल्या जागी नख फिरवा. कड विरत गेलेली असते, नखाला पायरी लागत नाही. ती तक्रार नव्हे, तो खेळ. नखाला पायरी लागली, कडेखाली नख जायला लागलं किंवा दाबल्यावर पापुद्रा कुरकुरला, तर ते सुटणं. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

पापुद्र्याची पाठ

सुटलेला तुकडा फेकून देऊ नका. निम्मं निदान त्याच्यात असतं. पांढऱ्या कागदावर उलटा ठेवा, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा आणि दोन जागा बघा: तुकड्याची पाठ, आणि स्टिकवर तो जिथून निघाला ती जागा.

तुकडा पारदर्शक आहे आणि ग्राफिक स्टिकवर जसंच्या तसं आहे, म्हणजे फक्त वरचं क्लिअर, सगळ्यात शेवटचा पारदर्शक थर, सुटलं. ग्राफिकला आणि डिझाईनला नावं ठेवू नका, दोष क्लिअर मारणाऱ्याचा.

तुकड्याबरोबर अक्षरंही आली, पाठीवर ती उलटी दिसतायत आणि खाली बेसचा रंग चकचकीत आहे, तर डिकल (चित्राची छापील पातळ फिल्म) आणि बेस (तिच्याखालचा रंग) यांची पकडच झालेली नव्हती. हा प्रकार माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो.

तुकडा जाड, बेसच्या रंगासकट निघाला आणि खाली काळा गुळगुळीत कार्बन आरशासारखा दिसतोय, तर गडबड अगदी तळाला, साच्यातून काढल्यावर झालेली. तुम्ही वर काहीही लावा, ते निघणार.

तुकड्याच्या पाठीवरही करडी-पांढरी भुकटी आणि स्टिकवरही भुकटी, तर पुट्टी किंवा प्रायमर स्वतःच मधून फाटलाय. एकतर थर फार जाड मारला, नाहीतर हार्डनर, म्हणजे थर घट्ट करायला मिसळतात तो घटक, कमी पडला.

आणि पाठीवर बारीक केसासारखे तंतू चिकटलेले दिसले तर रंगाचा विचार सोडा. तो स्ट्रक्चरचा मामला आहे, त्याबद्दल पुढे.

थर कसे चढतात, हे थोडक्यात

आपल्याकडच्या काँपोझिट स्टिका बहुतेक जालंधर किंवा मेरठहून येतात. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर या दोन गावांत आले, तेव्हापासून खेळाच्या सामानाचा हा धंदा तिथे आहे. कार्बन, काच आणि अॅरामिड (केव्हलरसारखा चिवट धागा) यांचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून थरावर थर रचतात, दोन भागांच्या धातूच्या साच्यात घालून तापवतात आणि आतून दाब देतात. साचा उघडला की जी स्टिक बाहेर येते तिला जोडाच्या रेषेवर पातळ पात निघालेली असते आणि अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. पात घासून काढायची, भोकं पुट्टीने बुजवायची, प्रायमर, बेसचा रंग, त्यावर ग्राफिक, सगळ्यात वर क्लिअर, आणि शेवटी ग्रिप.

ग्राफिक चढवायच्या पद्धती बऱ्याच आहेत. सपाट बाजूवर थेट स्क्रीन प्रिंटिंग होतं, पण गोल पाठीवर जाळी नीट टेकत नाही. छोट्या चिन्हाला पॅड प्रिंटिंग चालतं: सिलिकॉनचा मऊ गोळा शाई उचलून गोलाईवर ठेवतो. गरम रोलरने फॉइल किंवा फिल्मवरचं चित्र उतरवतात. पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्ममध्ये स्टिक बुडवून लष्करी किंवा संगमरवरी नक्षी काढतात, तिथे अक्षरं मात्र वाकडी होतात. काही कारखाने छापलेला पातळ थर साच्यातच घालून कापडाबरोबर शिजवतात. ते ग्राफिक रेझिनच्या आत असल्यामुळे सुटत नाही, पण बदलताही येत नाही, आणि साच्याच्या जोडावर चित्र अनेकदा सरकलेलं दिसतं.

क्लबाच्या कामाला, म्हणजे पंधरा-वीस-पन्नास स्टिकांना, सगळ्यात सोयीची पद्धत वॉटर डिकलची. सायकलच्या फ्रेमवर आणि टेनिसच्या रॅकेटवर हेच वापरतात. लहानपणी च्युइंग गमच्या पुडीत मिळायचे ते पाण्याचे टॅटू आठवा, तत्त्व तेच. गोंद लावलेल्या कागदावर शाई छापलेली असते. पाण्यात गोंद विरघळतो, चित्राची पातळ फिल्म कागदावरून सरकते आणि स्टिकवर बसते. पुढची सगळी कटकट या पाण्याची आणि या गोंदाची आहे.

तळ खराब असेल तर

स्टिक साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला रिलीज एजंट लावतात. तो मेण किंवा सिलिकॉनसारखा पदार्थ असतो आणि थोडा स्टिकच्या अंगाला लागून बाहेर येतो. ज्या पदार्थाचं कामच कशालाही चिकटू न देणं आहे, त्याच्यावर रंग टिकणार कसा? कारखान्यात तो धुऊन आणि घासून काढायचा असतो. पण घाईच्या मालात चकचकीत अंगावर सरळ रंग मारलेला सापडतो. हेड आणि शाफ्ट जिथे मिळतात त्या खोलगट वळणात तर फार, कारण तिथे हात नीट पोचत नाही.

ओळखायचं कसं? रंग सोललेल्या जागी थेंबभर स्वच्छ पाणी टाका. पाण्याचा सलग पडदा राहिला तर जागा स्वच्छ. पाणी गोळा होऊन मण्यांसारखं पळायला लागलं तर मेण किंवा सिलिकॉन अजून तिथे आहे. रंगकामात याला वॉटर ब्रेक टेस्ट म्हणतात. खर्च शून्य, आणि तरी कुणी करत नाही.

अशा स्टिकला वरवरचा उपाय नाही. आधी धुवायचं, मग घासायचं, हा क्रम उलटा करू नका. आधी घासलं तर पेपर ते मेण खरवड्यांत दाबून बसवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे दुकानात ज्याला आयपीए म्हणतात त्याने, एका फडक्याने पुसा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. एकाच फडक्याने गोल गोल पुसलं तर घाण फक्त जागा बदलते. मग ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबर. चमक गेली, एकसारखं मॅट दिसलं की थांबायचं. पाणी काळं यायला लागलं तर तुम्ही कार्बनपर्यंत पोचलात, हात आवरा. तंतू कापले गेले की ताकद गेली. कोरडं घासू नका. कार्बनची आणि काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते.

डिकल आणि बेसच्या मधलं

आता सगळ्यात जास्त येणारा प्रकार. बेसचा रंग पूर्ण वाळून काचेसारखा झालेला असतो आणि त्यावर सरळ डिकल बसवतात. दिसायला झकास. पण फिल्मला धरायला काही नाही. वाळलेल्या बेसला ८०० च्या वॉटर पेपरने हलकं मॅट करून, पुसून, मगच डिकल. त्यानंतर त्या जागेला उघडं बोटसुद्धा लावायचं नाही. बोटाचं तेल डोळ्याला दिसत नाही, महिन्याभराने दिसतं.

डिकल पाण्यात टाकला की कागद आधी गुंडाळी होतो, मग हळूहळू सरळ पडतो. सरळ पडला की बाहेर काढून ओल्या फडक्यावर ठेवायचा आणि फिल्म स्वतःहून सरकेपर्यंत थांबायचं. बोटाने ढकलायला जोर लागतोय म्हणजे गोंद अजून सुटलेला नाही. घाईने ओढली की फिल्म ताणली जाते, ताणलेली फिल्म वाळताना आखडते, आणि कडा उचलतात. दुसरीकडे, कागद पाण्यात विसरून बराच वेळ ठेवला तर गोंद सगळाच धुऊन जातो आणि फिल्मला सुरुवातीची पकड मिळत नाही.

बसवल्यावर मऊ रबरी पट्टीने मधून बाहेर पाणी काढायचं. इथे लोक एक-दोन हात मारून सोडतात. टॉर्च तिरपा धरून बघा: फिल्मखाली चंदेरी-पांढरट डाग दिसतात ती अडकलेली हवा किंवा पाणी. समोरून बघितलं तर दिसत नाहीत, तिरपं बघितलं की लगेच. यावर क्लिअर मारलं की ते पाणी आत बंद. पुढे स्टिक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिली, आणि बंद गाडीचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं, की त्या पाण्याची वाफ होते आणि फोड येतो. डिकीत ठेवलेल्या स्टिकांवर फोड आले की दोष उन्हाला देतात. उन्हाने फक्त आतलं बाहेर आणलं.

गोलाईवर फिल्मला सुरकुती पडते, ती दाबून बसत नाही. टोच्या बाजूला वळणाऱ्या डिझाईनला छापतानाच बारीक कट द्यावे लागतात किंवा चित्रच शाफ्टवर थांबवावं लागतं. मी क्लबांना हेच सांगतो: हेडवर काही छापू नका. तिथे ते झिजणारही आणि सुटणारही.

अक्षरांच्या भोवती राहिलेला गोंद वाळल्यावर पिवळसर कड दाखवतो. त्यावर क्लिअर मारलं तर त्या रेषेतच पुढे चीर पडते. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचं, पुन्हा बघायचं.

काळ्या स्टिकवर पिवळं किंवा भगवं चिन्ह मळकट दिसतं, अशी एक उपतक्रार असते. रंगाच्या खाली पांढऱ्या शाईचा थर छापून घ्या, एवढंच.

पावसाळाच का?

वरचं क्लिअर चांगल्या कामात दोन घटकांचं पॉलियुरेथेन असतं: एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याची पाण्याशी जुनी ओढ. हवेतलं, स्टिकवरचं, कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं, कुठलंही पाणी मिळालं की ते रेझिनला सोडून पाण्याशी रिअॅक्शन करतं आणि कार्बन डायऑक्साईड सोडतं. क्लिअरमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसतात ते बऱ्याचदा हेच. जो हार्डनर पाण्यावर खर्च झाला, तेवढं क्लिअर कच्चं राहिलं. उघडून ठेवलेला हार्डनरचा डबा पुढच्या खेपेला दुधी किंवा घट्टसर दिसला तर तो टाकून द्या, थिनर घालून जिवंत करू नका.

स्वस्तातलं सेल्युलोज लॅकर असेल तर वेगळी गंमत. थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं बसतं आणि सगळी स्टिक धुरकट पांढरी होते. मुंबई-कोकणात हे जुलैमध्ये जवळजवळ ठरलेलं.

नियम साधा आहे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर क्लिअर मारायचं नाही, आणि स्टिकचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या पाण्याचं दव बनतं त्यापेक्षा, निदान ३ अंश वर हवं. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी हे क्वचित जमतं. दुपारी उघडीप मिळाली तर तेव्हा, नाहीतर बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी सुरू करण्याआधी काढून टाकायचं, पावसाळ्यात मधेही एकदा.

डिकल वाळायलाही वेळ जास्त लागतो. उन्हाळ्यात जो रात्रभरात वाळतो, तो ऑगस्टमध्ये दुसऱ्या दिवशीही आतून ओला असू शकतो. कारखान्यात ५०-६० अंशांच्या कपाटात वाळवतात, कारण आपलं रेझिन किती उष्णता सोसतं ते त्यांना माहीत असतं. तुमच्या हातातल्या स्टिकचं रेझिन कुठलं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून ४५ च्या वर जाऊ नका. हीट गन तर अजिबात नको. इपॉक्सी एका मर्यादेनंतर मऊ पडतं, आणि स्टिकचा बाक बदलला तर ग्राफिकची चिंता मागे पडेल: नियमाप्रमाणे बाक २५ मिलिमीटरच्या आत लागतो.

त्यात क्लिअर पूर्ण पिकायला साधारण आठवडा जातो. हाताला सुकलेलं लागतं काही तासांतच, आणि शनिवारी मिळालेली स्टिक रविवारी सामन्यात उतरते. पाणी मारलेल्या टर्फवर, कच्च्या क्लिअरवर. मग तक्रार.

क्लिअर ग्राफिक खातंय

स्टिक हातात देतानाच अक्षरांच्या कडा पसरलेल्या, शाई सुरकुतलेली असेल तर पहिलाच हात फार ओला मारला गेलाय. क्लिअरमधलं थिनर डिकलच्या शाईत शिरतं आणि तिला उचलतं. पहिला हात धुक्यासारखा, जवळजवळ कोरडा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग दुसरा तसाच. त्यानंतर भरून मारा. एका कंपनीचं क्लिअर आणि दुसऱ्याच कंपनीचं थिनर ही जोडी जमवू नका, आणि मिसळायचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं पाळा. डोळ्याच्या अंदाजाने जास्तीचा हार्डनर घातला की क्लिअर ठिसूळ होतं. चेंडूचा मार बसला की काचेसारखी चीर.

क्लिअरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर सिलिकॉन. जुनी स्टिक असेल तर खेळाडूला विचारा, तो बहुतेक वेळा सांगतो की चमक यावी म्हणून गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश लावलं होतं.

एक निदान मला फार आवडतं. ग्रिप संपते तिथून खाली, फक्त उजवा हात येतो तेवढ्याच भागातलं ग्राफिक चिकट झालंय, बाकी स्टिक ठणठणीत. तिथे स्प्रे-कॅनचं एक-घटकी लॅकर असतं आणि खेळाडू संध्याकाळच्या सरावाला डासांचं क्रीम लावून येतो. डीट नावाचं रसायन असलेली क्रीम अशा लॅकरला मऊ करतात. दोन घटकांचं पिकलेलं क्लिअर त्याला बरंच दाद देत नाही. क्रीम लावा, डेंग्यूपेक्षा ग्राफिक गेलेलं परवडलं, पण तळहात पुसून स्टिक धरा.

ही चीर रंगाची की स्टिकची?

ग्राफिकमधून आडवी रेष गेलेली दिसते आणि मुलं विचारतात, "दादा, फुटली का?" कधी खरंच फुटलेली असते, कधी नुसतं क्लिअर तडकलेलं असतं. दोन्हीकडे चूक महागात पडते. चांगली स्टिक टाकून दिली तर पैसे गेले, फुटकी रंगवून दिली तर सामन्यात कुणाला तरी लागेल.

एक रुपयाचं नाणं घ्या. स्टिक ग्रिपकडून सैल धरून चिरेपासून लांब टकटक करा, मग हळूहळू चिरेकडे या. टणटणीत आवाज येत राहिला तर बहुधा रंग. चिरेजवळ आवाज एकदम बसला, भदभद झाला, तर आतले थर सुटलेत. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून किंचित वाकवा. रेष उघडझाप करते का? करकर ऐकू येते का? तसं असेल तर रंगवायची नाही. खात्री होत नसेल तर चिरेवरचं थोडं क्लिअर ६०० च्या पेपरने पाण्याबरोबर घासून काढा. रेष निघून गेली तर ती क्लिअरची होती. खाली कार्बनच्या विणीतून तीच रेष जातेय तर निकाल लागला. फुटलेल्या स्टिकवर नवं ग्राफिक चढवून मागणारेही येतात, विकायची असते म्हणून. मी देत नाही. तसंच प्लेन स्टिकवर मोठ्या ब्रँडचं चिन्ह चढवून मागणाऱ्यांनाही नाही. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ आहेच, आणि तो नसता तरी नाही.

घरी काय करावं

एकच स्टिक असेल आणि पापुद्रा छोटा असेल, तर करायचं ते एवढंच. जो भाग सुटलाय तो सेलोटेप लावून उचलून काढा. जितका येतो तितका येऊ द्या, अर्धवट सुटलेलं ठेवून वर काही चढत नाही. कड ६०० च्या वॉटर पेपरने उतरती करा, नखाला पायरी लागली नाही पाहिजे. आयपीएने पुसा, पूर्ण वाळवा. नाव पुन्हा हवंच असेल तर नवा डिकल, नाहीतर नुसतं क्लिअर.

क्लिअर मात्र बाल्कनीत मारू नका. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला कायमची संवेदनशील करून ठेवू शकते, आणि कापडी किंवा धुळीचा मास्क तिथे काही कामाचा नाही. गाडी-बाईक रंगवणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे गन आहे, दोन घटकांचं क्लिअर आहे आणि सरावाचा हात आहे. फक्त त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पातळ हात, भट्टी नको, आणि जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर नको. रिमूव्हर बाईकच्या पत्र्यावर ठीक. इथे तो रंगाबरोबर इपॉक्सीलाही खातो. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवणंही त्यातलंच.

हे सगळं नको असेल तर पातळ पीयू (पॉलियुरेथेन) किंवा व्हिनाइलचा स्टिकर लावा, सरळ. हंगामभर टिकला तरी पुरे, निघाला तर दुसरा. मात्र कडा टेकलेल्या हव्यात. टेप आणि रेझिन लावायला नियमांची मुभा आहे, पण पृष्ठभाग गुळगुळीत राहायला हवा आणि सगळ्या आवरणांसकट स्टिक आतून ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे. एकावर एक तीन-चार वर्षांचे स्टिकर आणि त्यावर टेप असं झालं की हेडजवळ जाडी वाढत जाते. उचललेल्या क्लिअरचा धारदार पापुद्राही पंचांच्या नजरेत आला तर स्टिक बदलायला लावतात, आणि बरोबरच करतात.

क्लबाची ऑर्डर देताना

दोष वारंवार येत असेल, दर खेपेला त्याच पुरवठादाराच्या मालात, तर एकेक स्टिक दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. एक नमुना मागवा आणि बळी द्या. ब्लेडने क्लिअरपासून तळापर्यंत सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा, जाळी होईल. रंगाचा एकूण थर पातळ असेल तर रेघांमध्ये १ मिलिमीटर अंतर, जाड असेल तर २ किंवा ३. ब्रशने भुकटी झाडा, चांगली टेप घट्ट दाबून एका झटक्यात उपसा. आयएसओ २४०९ ही चाचणी याच पद्धतीची आहे. तिच्यात ० म्हणजे एकही चौकोन हलला नाही आणि ५ म्हणजे वाताहत. मी ० किंवा १ च्या पुढे माल घेत नाही. मग तोच नमुना रात्रभर पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी, पुसून वाळल्यावर, शेजारच्या जागी पुन्हा जाळी मारा. कोरड्यात पास आणि ओल्यात नापास होणारा माल बराच असतो, आणि टर्फवर स्टिक ओलीच असते.

पुरवठादाराला विचारायचे प्रश्न दोनच पुरतात: क्लिअर एक घटकाचं की दोन, आणि डिकलच्या आधी बेस मॅट करता का. "एकदम फर्स्ट क्लास माल आहे साहेब" हे उत्तर आलं तर नमुन्याचे पैसे वाया गेले असं समजू नका. आणि माल वेळेत हवा असेल तर ऑर्डर एप्रिलमध्ये द्या. जूनमध्ये दिलेली ऑर्डर जुलैत रंगवली जाते.